रिकाम्या खोलीतली टाळी

चावी हातात आली त्या संध्याकाळी फ्लॅटमध्ये एक झाडू आणि मी, एवढंच होतं. मुलीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि म्हटलं, "आले बघ, उघडलं दार." ती म्हणाली, "आई, विहिरीतून बोलल्यासारखा येतोय तुझा आवाज." मलाही तो तसाच ऐकू येत होता. माझेच शब्द भिंतींवर आपटून माझ्याकडे परत येत होते. गेल्या पाच महिन्यांत आपण घरात इतक्या मोठ्याने काही बोललोच नाही, हे मला तेव्हा कळलं.

आम्ही राहत होतो ती जागा नवऱ्याच्या नोकरीची होती. तो गेल्यावर ती सोडणं भागच होतं; सहा महिन्यांची मुदत मिळाली. वर्षभर कुठलाही मोठा निर्णय घेऊ नकोस, असं भेटायला आलेला प्रत्येक जण सांगून जायचा. सल्ला चांगलाच होता, पण मला तो पाळता येण्यासारखा नव्हता. २२ वर्षं राहिलेलं घर, त्यातलं निम्मं सामान त्याने आणलेलं, आणि पुढे कुठे जायचं ते ठरवणारी मी एकटी. होम्स आणि रे या दोन डॉक्टरांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाप्रमाणे गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू १००, राहती जागा बदलणं २०. हा तक्ता मी पूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात पाहिला होता. आता अनुभवानंतर सांगते, त्या २० गुणांची वेगळी बेरीज होत नाही. शंभरातलेच काही त्या खोक्यांमध्ये भरून नव्या पत्त्यावर येतात.

जागा शोधताना पहिला प्रश्न सगळीकडे एकच असायचा, "कोण कोण राहणार?" मी म्हणायचे, "मी." मग समोरचा थोडा थांबायचा. पहिल्या दोन-तीन वेळा त्या थांबण्यात मी नको तितकं सांगत बसले: काय झालं, कधी झालं, मुलगी कुठे शिकते. नंतर "मी" एवढ्यावरच थांबायला शिकले. हे शिकायला लागतं, आणि ते त्या दिवसांत फार जड जातं.

प्रत्येक जागा मी दोनदा पाहिली, एकदा दुपारी आणि एकदा रात्री आठनंतर. एका एजंटला ते आवडलं नाही. जागा हातची जाईल म्हणून त्याने घाई केली. मी ती जाऊ दिली, आणि बरंच केलं. रात्री गेले तेव्हा त्या जिन्यात एकही दिवा नव्हता. एकटीने राहायचं असेल तर पाहण्याच्या गोष्टी जरा वेगळ्या असतात. बाथरूमचं दार आतून लावून फोनला रेंज येते का, ते मी प्रत्येक ठिकाणी पाहिलं. आत पाय घसरून पडलो तर हाक कुणाला मारणार? सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा जोर पाहिला. पाण्याचा मुख्य कॉक आणि विजेचा मेन स्विच कुठे आहे ते विचारलं आणि स्वतःच्या हाताने बंद-चालू करून पाहिलं, कारण ते जुन्या घरात मी एकदाही केलं नव्हतं; ते त्याचं काम होतं. सगळी भिंत जुन्या रंगाची आणि एकच चौकोन ताज्या रंगाचा असेल तर तिथे हात ठेवून पाहायचा. बहुतेक वेळा गार लागतो. त्यामागे ओल असते.

ही जागा मिळाली ती एका वयस्कर गृहस्थांची. बेडरूम एकच, पण खिडक्या मोठ्या. करारावर सह्या करण्याआधी मी त्यांच्यासोबत खोल्यांतून फिरून जे जे खराब आहे ते लिहून काढलं: मोरीतली तडकलेली फरशी, न लागणारी कडी, सिंकखालची गळती, फरशीला घासणारं बेडरूमचं दार. एकूण २३ गोष्टी. "मॅडम, एवढं लिहायची काय गरज?" ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, जाताना वाद नको म्हणून येतानाच लिहून ठेवू." प्रत्येकाचा फोटो काढला, मीटरचं रीडिंग त्याच कागदावर टिपलं, दोघांनी खाली सही केली आणि अनामत रकमेची पावती त्यालाच जोडली. त्यांच्याच परवानगीने दाराच्या कुलपाचा आतला भाग बदलून घेतला. आधीच्या भाडेकरूंच्या किती चाव्या कुणाकुणाकडे राहिल्या असतील, ते कुणालाच माहीत नसतं. एक जादा चावी ताईकडे दिली.

करारात एका ओळीने मला बराच वेळ अडवून ठेवलं. "भाडेकरूचे नाव." २२ वर्षांत कुठल्याही घराच्या कागदावर माझं नाव पहिलं आलं नव्हतं. इथे ते पहिलं होतं आणि शेवटचंही. सही केली तेव्हा हात कापला नाही. घरी येऊन मात्र तास-दीड तास नुसती बसून होते.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. मोजमाप घेतलं की माझं डोकं जागेवर येतं, म्हणून सामान हलवण्याआधी आलेखाचा कागद घेऊन बसले. एक सेंटिमीटर म्हणजे २० सेंटिमीटर. बेडरूम २.८ मीटर बाय ४ मीटर, म्हणजे कागदावर १४ बाय २०. पलंग ९ बाय १०. कपाट, टेबल, पुस्तकांची मांडणी, सगळ्यांचे पुठ्ठ्याचे तुकडे कापले आणि सरकवत बसले. पलंग बसत होता. पण तो ठेवला की कपाटाचं दार उघडत नव्हतं. असा फिरवून, तसा फिरवून पाहिला. दोन रात्री त्या तुकड्यांशी मी झगडत होते. पलंग ठेवायचा नाही हे मला पहिल्या रात्रीच कळलं होतं. दुसरी रात्र लागली ते कबूल करायला. ज्यांना असं घर हलवायचं आहे त्यांना मी हे एक काम नक्की करायला सांगेन. मोठ्या वस्तूंबद्दलचा निर्णय कागदावर, घरी, दार लावून घ्या. ट्रक खाली उभा, हमाल जिन्यात वस्तू धरून विचारताहेत "कुठे ठेवू?", अशा वेळी तो निर्णय माणसाला मोडून टाकतो.

पहिल्या आठवड्यात मी एक चूक केली. ताई मदतीला आली होती. आम्ही दोघींनी मिळून, न बोलता, जुनंच घर पुन्हा मांडलं. तीच खुर्ची खिडकीच्या डावीकडे, तेच घड्याळ दारासमोर, त्याचा फोटो त्याच उंचीवर. ताईला वाटलं मला बरं वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण खोलीची लांबी वेगळी, खिडकी वेगळ्या दिशेला, संध्याकाळचा उजेड भलतीकडून येणारा. सगळं ओळखीचं आणि सगळं किंचित चुकलेलं. एखाद्या शब्दाची मात्रा गाळलेली असावी तसं. स्वयंपाकघर तर थेट आरशातल्यासारखं उलटं होतं: ओटा डावीकडे होता तो उजवीकडे, सिंक उजवीकडचं डावीकडे. मी डबे जुन्याच क्रमाने लावले आणि दोन आठवडे चमच्यासाठी चुकीचा खण उघडत राहिले. गरम भांड्याला कोपर लागून भाजलं तेव्हा सगळं खाली उतरवलं. मग एक दिवस नुसती रिकाम्या ओट्यापुढे उभी राहिले आणि हात आपण होऊन कुठे जातो ते पाहिलं. जिथे गेला तिथे ती वस्तू ठेवली. फोटोची जागाही तेव्हाच बदलली. आता तो टेबलाजवळ आहे, मी वह्या तपासते तिथे.

झोप मात्र सगळ्यात उशिरा आली. अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव. ब्राउन विद्यापीठातल्या मसाको तामाकी आणि युका सासाकी यांनी २०१६ साली त्यामागची एक गोष्ट दाखवून दिली. नव्या जागेतल्या पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका झोपत नाही. बारीकशा आवाजालाही तो लगेच जागा होतो. पुढच्या वेळी त्याच जागी झोपलं की हा फरक उरत नाही. त्यांच्या प्रयोगातली माणसं नुसती नव्या जागी आली होती. मी तर नव्या जागी पहिल्यांदाच एकटी झोपत होते. माझा तो पहारेकरी सहा आठवडे जागा राहिला.

त्यावर मी एक उपाय केला, तो उपयोगी पडला. उशाशी वही ठेवली. आवाजाने जाग आली की वेळ आणि आवाज लिहायचे. रात्री ११:१०, वरून घरंगळल्यासारखा. २:३०, भिंतीत गुणगुण. पहाटे ५:४०, धप्प, एकदाच. या शेवटच्या आवाजाने मी रोज दचकून उठून बसत असे. कुणीतरी दारावर थाप मारल्यासारखा यायचा. दिवसा मग एकेकाचा माग काढायला लागले. ११:१० म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मुलाची चाकांची खुर्ची, गुणगुण म्हणजे पाण्याचा पंप. आणि धप्प म्हणजे शेजारच्या बाई पहाटे कामाला निघताना झटक्यात बंद करतात तो नळ. पाइपातून वेगाने वाहणारं पाणी एकाएकी अडलं की दाबाची लाट उलटी फिरते आणि पाइप भिंतीवर आपटतो. याला वॉटर हॅमर म्हणतात. वर्गात मी हे किती वेळा शिकवलंय! त्या बाईंना मी कधी बोलले नाही. कारण कळल्यावर आवाज तोच राहिला, पण मी उठेनाशी झाले. उलट आता अर्धवट झोपेत तो ऐकला की वाटतं, निघाल्या.

पण रात्रीच्या आवाजांहून मला जास्त छळलं ते घुमण्याने.

जुन्या घरी शाळेतून आले की दारातूनच "आले" म्हणायची सवय होती. आतून "हं" यायचं. बस, एवढंच. तो गेल्यावर मी ते म्हणणं बंद केलं होतं. इथे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पिशव्या हातात, पायातलं काढताना ते तोंडातून निघून गेलं. रिकाम्या पॅसेजने ते माझ्याच आवाजात परत दिलं. पिशव्या तिथेच ठेवून मी जिन्यात जाऊन उभी राहिले. आत जायला वेळ लागला.

त्या रात्री मी बेडरूमच्या मधोमध उभी राहून टाळी वाजवली. शिक्षिकेची सवय. आवाज कडकडत विरत गेला. मग कागद घेतला. सॅबिनचं सूत्र: आवाज विरायला लागणारा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. उंची ३ मीटर धरून घनफळ ३३.६ घनमीटर. भिंती, फरशी, छत मिळून ६३ चौरस मीटरच्या आसपास, त्यांचा शोषणांक, म्हणजे पडलेल्या आवाजाचा किती भाग ते गिळतात तो आकडा, ०.०३ धरला. उत्तर आलं जवळपास २.९ सेकंद. राहत्या खोलीत ते अर्ध्या सेकंदाच्या आसपास असावं.

वॉलेस सॅबिनची गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगते. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने या तरुण प्राध्यापकाला एक काम दिलं. त्यांच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानाच्या सभागृहात एक शब्द विरायला साडेपाच सेकंदांहून जास्त लागत. बोलणाऱ्याचा पुढचा शब्द मागच्यात बुडून जाई. सॅबिन आणि त्याचे मदतनीस रात्री, सगळं शांत झाल्यावर, जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणत. थोड्या मांडायच्या, ऑर्गनच्या नळीचा सूर काढायचा, तो विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणखी गाद्या मांडायच्या, पुन्हा मोजायचं. सकाळच्या आत गाद्या परत. या कामातून इमारतींच्या ध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला आणि १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल त्याच्याच गणितावर उभा राहिला. इतकी वर्षं मी हे सूत्रासाठी सांगत होते. त्या रात्री पहिल्यांदा मला नुसता तो माणूस दिसला, अंधारात गाद्या वाहणारा.

मीही तेच केलं. घाई न करता, एकेक वस्तू. गादी अंथरली, टाळी. जाड पडदे लावले, टाळी. बराच फरक पडला. पुस्तकांची मांडणी समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंतींपैकी एकीला लावली आणि मधला तो झण्ण करणारा आवाज गेला. मऊ, सच्छिद्र वस्तूत आवाजाची लाट शिरते, धाग्यांमधल्या हवेत घासली जाते आणि तिची अगदी थोडी उष्णता होऊन जाते. आवाज वस्तूंमध्ये असा मुरतो, हे मला त्या दिवसांत फार आधाराचं वाटलं. घर सजवायची मला इच्छाच नव्हती. पण खोली शांत करायची होती, आणि त्या निमित्ताने मी महिनाभर रोज काहीतरी उलगडत राहिले.

तीन खोकी तेवढी उघडली नव्हती. त्यांत त्याचे कपडे होते. टेपने बंद करून बेडरूमच्या कोपऱ्यात एकावर एक ठेवलेली. चौथ्या महिन्यात मुलगी सुट्टीला आली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कात्री घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसली. "आई, उघडू?" मी हो म्हटलं. आम्ही सगळे कपडे गादीवर काढून ठेवले. शर्ट, स्वेटर, ऑफिसच्या पँटी, एक जुना रेनकोट, ज्याच्या खिशात अजून बसचं तिकीट होतं. शाई उडून कोरं झालेलं. ढीग माझ्या कमरेपर्यंत आला. मुलगी रडली. मग मी रडले. मग दोघी गप्प झालो, आणि खोली इतकी गप्प झाली की दोघींच्याही ते लक्षात आलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि एक टाळी वाजवली. वाजली आणि तिथेच संपली. मागे काहीच नाही.

"बाबांनी शोषला," ती म्हणाली.

कपडे आम्ही लगेच दिले नाहीत. कपाटात नीट लावले. दार बंद असलं की आतल्या कपड्यांचा आवाजाला काही उपयोग नसतो हे मला माहीत होतं, तरी लावले. पुढे पाच-सहा महिन्यांत थोडे थोडे निघाले. ज्यांना गरज होती त्यांना दिले, दोन शर्ट मुलीने नेले, एक स्वेटर मी हिवाळ्यात घरात घालते. शेवटची पिशवी गेली त्या दिवशी कपाटाचा अर्धा भाग रिकामा झाला. तिथे माझ्या वह्या, शाळेच्या उत्तरपत्रिका आणि एक इस्त्री ठेवली. मग खोलीच्या मधोमध उभी राहून टाळी वाजवली. आधीसारखीच वाजली. काहीच बदललं नव्हतं. मला याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं, आणि थोडं वाटलंही. मग खिडकी लावली आणि वह्या तपासायला बसले.

करार संपत आला तेव्हा घरमालक काका तो २३ गोष्टींचा कागद घेऊन आले. गळती त्यांनी केव्हाच काढून दिली होती, कडी मी बदलून घेतली होती. घासणाऱ्या दारासाठी सुतार पाठवतो म्हणाले. पाठवा म्हटलं. दुसऱ्या वर्षाच्या सह्या झाल्या. या वेळी नावाच्या त्या ओळीवर मी थांबले नाही, पुढचं कलम वाचत होते.

पॅसेज मात्र अजून घुमतो. लांबट, उघडा, दोन्हीकडे भिंती. तिथे मी काहीच ठेवलं नव्हतं. परवा शाळेतून आले आणि दारात "आले" म्हणाले. परत आलं. या वेळी बाहेर गेले नाही. पर्समधून टेप काढून पॅसेज मोजला: रुंदी १ मीटर १० सेंटिमीटर, लांबी ३ मीटर ४० सेंटिमीटर. मुलीला माप पाठवलं आणि लिहिलं, इथे जाडसर जाजम घालायचंय. तिने विचारलंय, रंग कोणता? अजून ठरवलेला नाही.